गुरगुरणं थांबलं म्हणजे कुत्रा सुधारला का?

सकाळी सहाच्या सुमारास गोव्यातल्या वाड्यावर पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजतो. गेटाआड बांधलेला कुत्रा साखळी ताणली जाईपर्यंत झेपावतो, भुंकून भुंकून घसा बसवून घेतो. पोदेर गेटाला लटकवलेल्या पिशवीत पाव टाकतो आणि पेडल मारून पुढे जातो. कुत्र्याच्या लेखी हिशेब सरळ आहे. भोंगा आला, मी धावून गेलो, तो पळाला. संध्याकाळी पुन्हा तेच. वर्षाकाठी सातशेहून जास्त वेळा हा धडा गिरवून होतो आणि दर वेळी कुत्राच जिंकतो. मग एक दिवस गेटाची कडी नीट बसलेली नसते, पोदेराच्या पोटरीत दात रुततात आणि वाडाभर बोललं जातं, "कालपर्यंत बरा होता, अचानक काय झालं कोण जाणे."

यानंतर घरचा कर्ता माणूस बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर साखळी आखूड करतो, म्हणजे कुत्रा आणखी चिडतो. नाही तर कुणाच्या तरी ओळखीने ट्रेनर बोलावतो. दुसरी वाट शहाणपणाची, पण तिथे आपल्याकडे मोठी गफलत आहे. जनावराला औषध देणाऱ्याला १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली नोंदणी लागते. चावऱ्या कुत्र्याला "सरळ करून देतो" म्हणणाऱ्याला मात्र ना परीक्षा, ना नोंदणी, ना कुत्रा जास्त बिघडला तर कुणाला उत्तर देण्याची जबाबदारी. मोबाइल नंबर आणि दोन व्हिडिओ एवढं भांडवल पुरतं. गोव्यात धोकादायक कुत्र्यांची चर्चा निघाली की ती जातीवर येऊन थांबते. माझं म्हणणं असं की तिने आधी या माणसाकडे बघावं.

जातीचा मुद्दा टाळून चालणार नाही, म्हणून तो आधी उरकू. ऑगस्ट २०२४ मध्ये हणजुणे परिसरात पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. त्यानंतर २०२५ च्या सुरुवातीला मंत्रिमंडळाने पिटबुल आणि रॉटवायलर यांच्यावर बंदी आणायचं ठरवलं. त्याआधी मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं, पण संबंधितांना विचारातच घेतलं नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द केलं. मोठ्या जबड्याचा कुत्रा चावला तर इजा मोठी होते, यात वाद नाही. अशा कुत्र्याला रस्त्यावर मुसक्याशिवाय आणू नये, हा नियम कुणी केला तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण पैदास आज थांबली तरी घराघरांत आधीच असलेले कुत्रे आणखी आठ-दहा वर्षं जगणार आहेत. आणि दवाखान्यात रेबीजची लस टोचून घ्यायला येणाऱ्यांना विचारलं तर चावणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा टायगर, मोती नाही तर "शेजाऱ्याचा" असं असतं. त्यांची जात कुठल्या यादीत बसवणार?

जातीपेक्षा वय महत्त्वाचं असतं, आणि त्याबद्दलचा नियम आपल्याकडे आहे. २०१७ च्या कुत्रा पैदास व विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात महिन्याभराचं पिल्लू खोक्यातून घरी येतं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेतं. त्यातल्या पहिल्या भागात भावंडांशी मस्ती करताना जोरात चावलं की खेळ थांबतो, हे त्याला कळतं. दाताचा जोर आवरायचा कसा, हे माणूस इतक्या चांगल्या रीतीने शिकवू शकत नाही. बंदीइतक्याच जोमाने हा एक नियम पाळून घेतला तरी पुष्कळ फरक पडेल.

आता मूळ मुद्दा. कुत्रा चावण्याआधी सांगतो, आणि एकदा नाही, अनेकदा सांगतो. तोंड वळवतो, भूक नसताना ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतो. मग सगळं अंग ताठ करून थिजतो, तोंड मिटतं. मग गुरगुरतो. मग हवेत चावा मारतो. चावा या जिन्याची शेवटची पायरी. "मालक कोण ते दाखवून देतो" म्हणणारा ट्रेनर या जिन्यातली नेमकी गुरगुरण्याची पायरी काढून टाकतो. गुरगुरला की गळ्यातली साखळी हिसडायची, उताणा पाडून दाबून धरायचं, विजेच्या पट्ट्याचा झटका द्यायचा. कुत्रा खरंच गप्प होतो. व्हिडिओत छान दिसतं. पण ज्या भीतीपोटी तो गुरगुरत होता ती तशीच असते, किंबहुना वाढलेली असते, कारण आता लहान मूल जवळ आलं की गळाही आवळला जातो, हे त्याला नव्याने कळलेलं असतं. पुढच्या वेळी तो सूचना देत नाही, थेट चावतो. "अचानक" चावणारे कुत्रे असे तयार होतात, आणि त्यांना तयार करण्याचे पैसे मोजलेले असतात.

हे नुसतं मत नाही. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांची माहिती छापली. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली होती त्यांच्यापैकी ४३ टक्के जणांवर कुत्रा उलटला होता. उताणा पाडून दाबणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होतं, डोळ्यांत डोळे घालून दरडावणाऱ्यांत ३०. "कळपाचा म्होरक्या" ही कल्पनाच मुळात पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणावरून आली. जंगलातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्येच लिहून ठेवलंय. आपल्याकडचे ट्रेनर अजून म्होरक्याच शोधत बसलेत.

तेव्हा मदत कुणाची, आणि कुठल्या क्रमाने? आधी पशुवैद्य, ट्रेनर नंतर. हा क्रम उलटा झाला की महिने वाया जातात. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०२० मध्ये मांडलं की वर्तनासाठी पाठवलेल्या कुत्र्यांपैकी निदान तिसऱ्या हिश्शात कुठलं तरी दुखणं सापडतं, काही प्रकारच्या तक्रारींत तर ऐंशी टक्क्यांच्या आसपास. गोव्याच्या हवेत हे सहज पटण्यासारखं आहे. जून ते सप्टेंबर दमटपणात लोंबत्या कानांच्या लॅब्रेडॉर-कॉकरच्या कानात बुरशी धरते. कानाला आंबूस वास, तपकिरी मळ, मान तिरकी. अशा कुत्र्याचं डोकं पोराने लाडाने कुरवाळलं की तो फटकन तोंड टाकतो आणि "पोरांवर खार खातो" असा शिक्का बसतो. गोचिडतापाचं सांधेदुखणं, कंबरेचा सांधा, किडलेली दाढ, म्हाताऱ्या कुत्र्याची कमी झालेली नजर, हे सगळं रागासारखं दिसतं. म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर "चावतो" एवढंच सांगू नये. कधीपासून, अंगाच्या कुठल्या भागाला हात लागल्यावर, उठताना की झोपेतून जागा करताना, जिना चढायला कां-कूं करतो का, हे सांगावं. रक्ताची तपासणी, गोचिडतापाची चाचणी, कान आणि दात बघणं, सांधे हलवून पाहणं, एवढं झाल्याशिवाय वागणुकीवर काम सुरू करू नये. आणि लस न घेतलेला कुत्रा एकाएकी विचित्र वागायला लागला, लाळ गाळायला लागला, आवाज बदलला, तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून त्याच्यापासून लांब राहून आधी पशुवैद्याला कळवावं. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं ते लसीकरणामुळे, आणि ते लसीकरण चालू आहे तोवरच त्याला अर्थ आहे.

खसीकरणाने स्वभाव सुधारतो, हा दुसरा समज. नराचं भटकणं, लघवीच्या खुणा, दुसऱ्या नराशी होणारी काही भांडणं कमी होतात. माणसाला भिऊन चावणाऱ्या कुत्र्याची भीती त्याने जात नाही. खसीकरण जरूर करा, पण या भरवशावर नको.

खरं काम कसं दिसतं ते आपल्या पोदेरावरच बघू. पहिले दोन-तीन आठवडे शिकवायचं काहीच नाही, फक्त रोजची तालीम थांबवायची. पोदेराच्या वेळेला कुत्रा मागच्या खोलीत, दार लावलेलं, पंखा आणि रेडिओ चालू. हीच पायरी लोकांना कंटाळवाणी वाटते आणि हीच गाळली जाते. मग मोबाइलवर भोंग्याचा आवाज मुद्रित करायचा आणि इतका हळू वाजवायचा की कुत्र्याचे कान टवकारतील पण अंग सैल राहील. भोंगा वाजला की एक-दोन सेकंदांत उकडलेल्या कोंबडीचा वाटाण्याएवढा तुकडा. भोंगा थांबला की कोंबडी बंद. आठ-दहा वेळा, सगळं मिळून पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. भोंगा ऐकून कुत्रा गेटाकडे न बघता "कुठाय माझी कोंबडी" म्हणून माणसाकडे बघायला लागला, आणि सलग तीन वेळा तसं झालं, की आवाज एक घर वाढवायचा. सायकल वेगळी शिकवायची, आधी उभी, मग कुणी ओळखीच्या माणसाने ढकलत नेलेली, वीस-पंचवीस मीटरवरून. आवाज आणि सायकल एकत्र आणायची ती त्यानंतर, आणि त्या दिवशी अंतर पुन्हा वाढवून.

बिघडतं कुठे? बहुतेक जण कोंबडी आधी दाखवतात आणि भोंगा नंतर वाजवतात. मग कोंबडी दिसली की पोदेर येणार, असं कुत्रा शिकतो आणि कोंबडीलाच बिचकायला लागतो. दुसरी चूक अंतराची. कुत्र्याने तोंड मिटलं, थिजला, आवडता तुकडाही नाकारला, तर तो हट्टी नाही, आपण फार जवळ आलोय. तुकडा घेणं-न घेणं हा इथला थर्मामीटर. तिसरी चूक पट्ट्याची. सायकल दिसताच माणूस नकळत पट्टा ताणतो आणि गळा आवळला गेल्याने कुत्र्याला खात्री पटते की काही तरी वाईट येतंय. हे सगळं नीट केलं तर दीड ते तीन महिने लागतात. कदाचित कुत्रा कधीच गेटापाशी शांत उभा राहणार नाही, पण आतल्या खोलीत निवांत बसेल. पिशवी शेजाऱ्याच्या गेटाला लावली की झालं. पोदेर सुरक्षित आहे ना, मग कुत्र्याने त्याच्याशी मैत्री करायलाच हवी असं कुठे आहे?

यावरून "पंधरा दिवस ठेवून घेतो" या योजनेचा दोष लक्षात येईल. त्या जागी ना पोदेर, ना ते गेट, ना ते घर. कुत्रा तिथे ट्रेनरला घाबरून शिस्तीत राहतो आणि घरी आला की आठवड्यात मूळ पदावर. शिकायचं असतं घरच्यांनी, आणि त्यांना बाहेर ठेवलेलं असतं. चांगला ट्रेनर पहिल्या भेटीत कुत्र्याला हातही लावत नाही. तास-दीड तास प्रश्न विचारतो: कुणाला, कुठे, किती वाजता, त्याआधीच्या पाच मिनिटांत काय चाललं होतं, दात लागले की टोचले, किती टोचले. आधीच्या डॉक्टरचे कागद मागतो, नसतील तर परत पाठवतो. त्याला आपण विचारायचं ते एवढंच: कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता? बरोबर केलं तर काय? "गॅरंटी देता का?" या प्रश्नाला जो हो म्हणेल त्याला दारातूनच नमस्कार करावा. जिवंत जनावराच्या वागण्याची गॅरंटी कुठलाही जाणता माणूस देत नाही.

मुसक्याबद्दल दोन शब्द, कारण मुसकं म्हणजे कुत्र्याचा अपमान अशी आपली समजूत. बाजारात मिळणारं कापडी, तोंड घट्ट बांधणारं मुसकं दवाखान्यातल्या दोन मिनिटांपुरतं ठीक. ते घालून मे महिन्यात पणजीत फिरवलं तर कुत्र्याला जीभ काढून धापता येत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर न पडल्याने तो कोसळू शकतो. हवं ते टोपलीसारखं, ज्यात तोंड पूर्ण उघडून धापता येतं, पाणी पिता येतं. ते एका दिवसात चढवू नये. तळाशी दही चोपडून कुत्र्याला आपणहून नाक घालू द्यावं, काही दिवस पट्टा लावूच नये, मग एक सेकंद, मग पाच. पंधरवड्यात कुत्रा मुसकं दिसताच शेपूट हलवायला लागतो.

औषधांचा प्रश्न पशुवैद्याचा. फ्लुओक्सेटिनसारखं औषध भीतीची पातळी खाली आणतं, पण त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात आणि सोबत शिकवणं चालू नसेल तर फायदा तोकडा. चवथीच्या फटाक्यांना आणि दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीच्या डीजेला घाबरणाऱ्या कुत्र्याला नुसती गुंगीची गोळी देण्याची प्रथा मात्र थांबायला हवी. अ‍ॅसिप्रोमाझिनने कुत्र्याचं अंग लुळं पडतं, भीती तितकीच राहते. हलता न येणाऱ्या घाबरलेल्या कुत्र्याला त्या रात्री कुणी हात लावला तर काय होईल ते सांगायला नको.

"हे सगळं पैसेवाल्यांचं, गरिबाने कुठून करायचं?" हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच हा सार्वजनिक प्रश्न आहे. चावा झाला की खर्च सरकार करतंच. आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी लसीचे डोस, दात टोचून रक्त आलं असेल तर गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा इस्पितळात इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. (जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना लावायचा नाही, आणि कुत्रा घरचा असला तरी लस टाळायची नाही.) त्यातला थोडा पैसा आधीच्या पायरीवर खर्च केला तर? टोंक आणि सोनसोडो इथल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत आठवड्यातून एक दिवस वर्तनाची ओपीडी ठेवायला इमारत बांधावी लागत नाही. दोन डॉक्टरांना प्रशिक्षण आणि एका माणसाला भेटीसाठी तासभर, एवढं पुरे. बाहेरच्या तज्ज्ञाचा सल्ला व्हिडिओवर घेता येतो. दुसरं, ट्रेनरची नोंदणी पशुसंवर्धन खात्याकडे असावी, त्यात तो कुठली साधनं वापरतो ते लिहिलेलं असावं आणि विजेचा पट्टा वापरणाऱ्याची नोंदणी होऊ नये. पहिल्या वर्षी बरेच जण नोंदणी करणार नाहीत, हे उघड आहे. तरी पंचायतीकडे तक्रार घेऊन येणाऱ्याला द्यायला निदान एक यादी असेल.

तिसरं काम कागदाचं. आज चाव्याची नोंद होते ती माणसाच्या बाजूने: जखम कुठे, लस कधी. कुत्र्याच्या बाजूने काहीच नाही. कुत्र्यांच्या वर्तनाचे जाणकार पशुवैद्य इयन डनबार यांनी चाव्याच्या सहा पायऱ्या ठरवल्यात. पहिलीत दात लागतच नाहीत, दुसरीत लागतात पण टोचत नाहीत. तिसरीत एका चाव्यात एक ते चार छिद्रं, सुळ्याच्या अर्ध्या लांबीपेक्षा उथळ, चौथीत त्याहून खोल. पाचवीत असे अनेक खोल चावे, सहावीत मृत्यू. दुसऱ्या पायरीचा कुत्रा आणि चौथ्या पायरीचा कुत्रा यांना एकच "चावरा" हा शब्द लावून आपण पहिल्यावर अन्याय करतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने खसीकरण आणि लस झालेले रस्त्यावरचे कुत्रे मूळ जागी सोडायला सांगितले, पण रेबीज झालेले आणि आक्रमक कुत्रे त्यातून वगळले. आक्रमक कुठला हे कुणी, कशाच्या आधारे ठरवायचं? अशी नोंद नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याच्या तक्रारीवर ठरणार.

आणि काही कुत्र्यांना घरात ठेवता येत नाही, हेही स्पष्ट बोलायला हवं. चौथ्या पायरीचा चावा, सूचना न देता, आणि घरात रांगतं मूल, अशा ठिकाणी "प्रेमाने सगळं होतं" म्हणणारा त्या मुलाच्या जिवाशी खेळतोय. तपासणी, औषध, शिकवणं, दुसरं घर, यातलं काहीच लागू पडत नसेल तर पशुवैद्याच्या हातून शांत मरण देणं हा निर्णय असू शकतो. तो जाणत्या माणसांनी, कागदपत्रं समोर ठेवून घ्यायचा असतो. सध्या तो रात्री अकरा वाजता घेतला जातो. गाडीच्या डिकीत कुत्रा घालून कुठल्या तरी मासळी बाजारामागे किंवा बंद झालेल्या शॅकपाशी सोडून दिला जातो. १९६० च्या कायद्याने जनावराला उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की चौथ्या पायरीचा चावा घेतलेला तो कुत्रा आता गेटाआड नसतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या बाजारात टोपली घेऊन येणाऱ्या बाईला त्याच्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नसतं.